मीटरवाल्यांची मशीनं

स्ट्रेचर पुढच्या खोलीतच अडकलं.

"काका, हे हलवा की बाजूला!" ॲम्ब्युलन्सचा माणूस ओरडला. "पेशंटपर्यंत पोचायचं कसं?"

पण हलवणार कुठं? दारापासून स्वयंपाकघरापर्यंत दोन्ही भिंतींना जुनी शिलाई मशीनं लागलेली. पायमशीनांच्या टेबलांवर हातमशीनं चढवलेली. मधून एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच वाट. शेवटी दोघांनी स्ट्रेचर बाहेर ठेवलं, स्वयंपाकघरात पडलेल्या बाईंना चादरीच्या झोळीत घेतलं आणि तिरके होत होत निघाले. वाटेत एका चाकाच्या मुठीत बाईंचा पदर अडकला. ओढ बसली तसं टेबलावरचं मशीन डगमगलं.

"अहो, जपून! पडेल ते!" मीटरवाल्यांच्या तोंडून निघून गेलं.

झोळीतून बाईंचे डोळे नवऱ्याकडे वळले. मग पदर सुटला आणि माणसं बाहेर पडली.

मीटरवाले म्हणजे घरोघरी पाण्याचं मीटर वाचणारे. नोकरी संपून जमाना झाला, तरी गल्लीत नाव तेच राहिलं. लोकांची मीटरं असायची जिन्याखाली नाहीतर अडगळीच्या खोलीत, आणि तिथंच त्यांना जुनी मशीनं दिसायची. पहिलं एका म्हातारीकडे सापडलं, अंगावर रंगाचे रिकामे डबे घेऊन बसलेलं.

"ने बाबा, मला नुसती अडचण," म्हातारी म्हणाली.

हातगाडीवर घालून त्यांनी ते घरी आणलं. चाक असं जाम, की दोघांनी जोर लावला तरी हलेना. सुट्टीचा सगळा दिवस ते मांडी घालून त्याच्यापुढे बसत. रॉकेल सोडायचं, फडक्यानं पुसायचं, पुन्हा रॉकेल. काळ्या अंगावरून मळ निघाला तशी खालून सोनेरी वेलबुट्टी दिसू लागली. आणि एका संध्याकाळी चाक आपसूक सैल झालं.

"अगं, फिरलं! फिरलं!"

बाई पिठाच्या हातानं धावत आल्या. हात पदराला पुसून त्यांनी चिंधीवर एक टीप मारून पाहिली. सरळ, बारीक, मोत्यासारखी. दोघं खुळ्यासारखी हसत बसली.

दुसरं आलं तेव्हाही बाई हसल्याच. तिसऱ्यानंतर शेजारणीला म्हणाल्या, "लोकांना एक सवत असते. माझ्याकडे मोर्चा आहे." पण टीप मारून बघायला दर वेळी त्याच बसायच्या. एकेकाचा आवाज ऐकून सांगायच्या, हे रागीट आहे, हे कुरकुरं आहे, याला सर्दी झालीये. मीटरवाल्यांना वाटायचं, आपल्याइतकं सुखी कोण असेल!

मग घरातली खाट गेली. मग जेवायचं टेबल गेलं. दोघं स्वयंपाकघरात सतरंजी टाकून झोपू लागली. बाईंचं शिवणही बंद पडलं, कारण कापड पसरायला जमीन उरली नाही. "एवढी मशीनं घरात," त्या म्हणाल्या, "आणि फाटका परकर मी हातानं शिवतेय." हे सांगताना मात्र त्या हसल्या नव्हत्या. मीटरवाल्यांच्या ते लक्षातच आलं नाही. त्या दिवशी त्यांना कुणीतरी खालचा दोरा नेणाऱ्या होडीसारख्या शटलचं एक जुनं मशीन दाखवायला बोलावलं होतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणलं असतं तर..." आणि वाक्य तसंच सोडून पुढच्या खाटेकडे गेले. बाईंचा जीव वाचला. उजवं अंग गेलं.

"आईला मी माझ्याकडे नेते," मुलगी म्हणाली. "तुम्ही एक खोली रिकामी करा, बाबा. खाट मावली पाहिजे आणि दोन्ही बाजूंनी माणसाला फिरता आलं पाहिजे. मग आणून सोडते."

"करतो की. किती वेळ लागतोय त्याला!"

त्यांनी एक मशीन उचललं, पुसलं, तेलाचे थेंब सोडले. चाक असं गोड फिरलं की हे नको, दुसरं काढू म्हणून त्यांनी ते खाली ठेवलं. दुसऱ्याचंही तेच. या भिंतीचं त्या भिंतीला गेलं, त्या भिंतीचं या. दिवसभर राबून ते घामाघूम व्हायचे आणि खोली होती तेवढीच भरलेली राहायची. असा उन्हाळा गेला.

मुलगी एकदा बघायला आली. आत शिरायला जागा नव्हती. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"बाबा, त्या दिवशी आईला नेताना तुम्ही 'जपून' म्हणालात?"

"म्हणालो ना. तिला लागेल म्हणून—"

"आईला बोलता यायला लागल्यावर तिनं मला पहिलं काय विचारलं माहितीये? 'ते मशीन पडलं तर नाही ना?'"

मुलगी पुढं थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगारवाल्याला आणलं. "अख्खी टेम्पोत मावायची नाहीत," तो म्हणाला, "बीडाचं ओतीव लोखंड आहे, घण घातला की फुटतं." अंगणात एकेक मशीन निघत गेलं आणि फुटत गेलं. मीटरवाले आतून उचलून आणून देत होते. थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी भिंतींना चुना लावला. खाट आणली, नवी चादर घातली. चादरीच्या सुरकुत्या दोनदा नीट केल्या आणि इस्त्रीचा शर्ट घालून मुलीकडे गेले.

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. ते स्टूल ओढून समोर बसले.

"अगं, खोली झाली रिकामी. चल आता घरी."

"सगळी?" बाईंची जीभ अजून जड होती.

"सगळी. एकही ठेवलं नाही."

बाईंनी डाव्या हातानं पांघरूण सारखं केलं.

"आता कशाला," त्या म्हणाल्या.

"तुझ्यासाठीच तर..."

"नको. इथं बरं आहे. पाय पसरता येतात."

बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मीटरवाल्यांनी समजूत घातली असती, हात जोडले असते. आत मुलगी कपबशा विसळत होती.

"अहो," बाई म्हणाल्या.

ते पुढे झुकले. "काय गं?"

"जरा सरका. उजेड अडतोय."

मीटरवाल्यांनी स्टूल मागं घेतलं. मग आणखी थोडं. मग उठून त्यांनी ते अगदी भिंतीला लावलं आणि अंग चोरून बसले.