राखेतून लवकर काढलेला ॲक्सल

मित्रांनो, मी एक जुना ॲक्सल आहे. गाडीच्या दोन चाकांना जोडणारा आणि सगळा भार अंगावर घेणारा तो मी. सध्या शेडच्या मागे गंज खात पडलो आहे. माझी कहाणी गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी पहिली बावीस वर्षं एका ट्रकखाली गेली. ढोरमेहनत केली, कौतुकाचा शब्द मात्र कधी कानी पडला नाही. ट्रक भंगारात निघाला तेव्हा दोघा भावांनी मला उचलून आणलं. थोरला वेल्डर होता आणि धाकटा गाड्यांपायी वेडा. खडकांवर चढणारी गाडी घरच्या घरी बांधायची, हे त्या दोघांचं खूळ. त्या गाडीला मी फार रुंद पडत होतो. म्हणून थोरल्याने माझे दोन्ही पाइप कापून आखूड केले आणि मधल्या बिडाच्या गोळ्याला नव्याने जोडले.

बीड म्हणजे ओतीव लोखंड, महा हट्टी! जोडण्याआधी ते नीट तापवावं लागतं आणि नंतर सावकाश निवू द्यावं लागतं. घाई केली की तडकलंच म्हणून समजा. थोरल्याने मला गरम राखेत पुरलं आणि बजावलं, "उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"पण दादा, पाइप वाकडा झाला असेल तर?"

"तर उद्या कळेल. आज बघितल्याने सरळ होणार आहे का तो?"

तेवढ्यात वहिनीने जेवायला हाक मारली आणि थोरला घरात गेला. धाकट्याला कुठला धीर! परवा चढाईची चाचणी होती. त्याने राख बाजूला सारली आणि दोरी ताणून माप घेतलं. मी अगदी सरळ होतो. पण उघड्या दारातून गार वारा आला आणि जोडाशेजारी माझ्या अंगात टक् झालं. धाकट्याने घाईघाईने मला पुन्हा झाकलं.

"आवाज कसला रे?" थोरल्याने आतून विचारलं.

"पान्हा पडला."

दुसऱ्या दिवशी थोरला चष्मा शोधून येईपर्यंत धाकट्याने मला काळा रंग फासला होता. तडा केसाएवढा होता, तो बुजून गेला. "देखणा झालाय गडी," असं म्हणून थोरल्याने मला थोपटलं. आयुष्यातलं पहिलं कौतुक, आणि तेही खोट्यावर! मला तेव्हा लाज वाटली.

चाचणीला धाकटा गाडीत बसला. थोरला पुढे उतारावर उभा राहून कुठलं चाक कुठे टाकायचं ते हाताने दाखवत होता. तीन खडक आम्ही पार केले. चौथ्यावर सगळा भार एका बाजूला आला आणि मी जोडाशेजारी मोडलो. गाडी कलंडली ती थोरल्याच्या अंगावर. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

घरी आल्यावर त्याने मला समोर आणायला लावलं. मोडलेल्या जागी बोट फिरवून तो म्हणाला, "तड्याच्या आत रंग झिरपलाय. म्हणजे तडा रंगाच्या आधीचा. माझंच तापवणं कमी पडलं." धाकटा शेजारीच उभा होता. त्याने मला उचललं आणि शेडच्या मागे नेऊन टाकलं.

आता तो भावाला आंघोळ घालतो, खुर्ची ढकलतो. "असा दीर मिळायला भाग्य लागतं," असं वहिनी येईल त्याला सांगते. थोरल्याने मात्र वेल्डिंगचं मशीन देऊन टाकलं. कुणी काम घेऊन आलं तर म्हणतो, "माझ्याकडे नको बाबा. माझ्या हाताने माणूस पांगळा होतो."

मित्रांनो, लोखंडाला तेलपाणी करा, गंजू देऊ नका, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी एवढंच मागतो, की तडा कानाने ऐकलात तर त्याच दिवशी तोंडाने सांगा. आणि तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलंच, तर थोरल्याला सांगा की त्याचा हात चुकला नव्हता. मला तोंड नाही, आणि ज्याला आहे तो सांगत नाही.