ऑब्रीला कोणी सांगितलं

"मी नाही सही करणार," डलसी म्हणाली आणि तिने कागद टेबलावरून नवऱ्याकडे परत सरकवला.

"साक्षीदार म्हणून फक्त. मी सही केली हे तू पाहिलंस, एवढंच आहे त्यात."

"वर काय लिहिलंय ते वाचता येतं मला, गार्नेट." ती पुन्हा बटाटे सोलायला लागली. "ऑब्री असं म्हणाला तेव्हा तू कुठे होतास?"

"कुंपणाशी."

"आणि तो म्हणाला की कंपनीतल्या माणसाने त्याला आतली खबर दिली?"

"तसंच काहीतरी म्हणाला."

"तसंच काहीतरी," डलसी म्हणाली. गार्नेट हॉस्किंगने कागदाची नीट घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि स्टेशनावर जायला निघाला. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅलगुर्लीहून पर्थची गाडी सकाळी सुटायची आणि दुपारी उशिरा पोचवायची. वंडूरा कॉपर या खाण कंपनीची वार्षिक सभा दुसऱ्या दिवशी होती.

घराबाहेर पडताना त्याने ठरवलं होतं की शेजारी बघायचं नाही. तरी बघितलंच. ऑब्री पेंगेलीचं कॅरव्हॅन, मोटारीमागे जोडायचं फिरतं घर, अंगणात पांढरंशुभ्र उभं होतं. लाल धुळीच्या या गावात ते पांढरं राहतंच कसं, हे कोडं गार्नेटला दीड वर्ष सुटलं नव्हतं. ऑब्री बहुतेक ते रोज पुसत असणार. किंवा धूळसुद्धा त्याच्यावर बसत नसणार.

तसं पाहिलं तर हे कॅरव्हॅनपासून सुरू झालं नव्हतं. दोघं एकाच आठवड्यात खनिज तपासणीच्या प्रयोगशाळेत लागले होते. दुसऱ्या वर्षी ऑब्री मुकादम झाला. गार्नेट एकतीस वर्षं खडक भरडत राहिला. लोकांनी पिशव्यांतून आणलेले दगड यंत्रात घालायचे, पीठ करायचं, पुड्या बांधून आत पाठवायच्या. त्यातल्या कुठल्यातरी पुडीत कुणाचं तरी नशीब निघायचं. त्याच्या वाट्याला कानातली शिट्टी आली, ती निवृत्तीनंतरही थांबली नाही. क्लबातल्या सोडतीत मोटार लागली ती ऑब्रीला. लिंबाचं झाड धरलं ते ऑब्रीच्या अंगणात. गार्नेटने त्याच रोपवाटिकेतून आणलेलं त्याच उन्हाळ्यात वाळून गेलं. बरं, माणसाने मिरवावं, म्हणजे शिव्या घालायला तरी सोपं जातं. ऑब्री मिरवायचा नाही. बादलीभर लिंबं कुंपणावरून द्यायचा आणि म्हणायचा, "घे रे, आमच्याकडे कोण खाणार एवढी?" ती लिंबं गार्नेटला जास्त आंबट लागत.

वंडूराचे शेअर दोघांनी एकत्रच घेतले होते. मध्य आफ्रिकेतल्या एका देशात कंपनीला तांब्याचा मोठा साठा सापडला होता. पहिले अहवाल आले तेव्हा आकडे वाचून गार्नेट खुर्चीवर बसलाच. आयुष्यभर दगडांचं पीठ केलं होतं त्याने. तीन टक्के तांबं म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेअर चढत गेला. दोघं संध्याकाळी कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून आफ्रिकेतल्या एका डोंगराबद्दल असे बोलत, जणू तो गावाबाहेरच आहे.

मग तो मे महिना आला. सकाळी ऑब्री वर्तमानपत्र घेऊन कुंपणाशी उभा होता.

"हे वाचलंस? आपल्या खाणीच्या परवान्याचे दोन तुकडे केलेत. उत्तरेकडचा अर्धा भाग कुठल्याशा दुसऱ्या कंपनीला दिलाय तिथल्या सरकारने. कंपनी चार महिन्यांपूर्वी निघालीय. पत्ता कुठला दिलाय बघ, कपड्यांचं दुकान. दुकान मंत्र्याच्या भाच्याचं."

"कोर्टात एका दिवसात उडेल हे," गार्नेट म्हणाला.

"कोर्ट पण तिथलंच ना. मी आज विकतोय, गार्नेट. तूही विकून टाक. माझ्या छातीला नाही झेपत हे."

गार्नेटने बातमी वाचली होती. सकाळी सहालाच वाचली होती आणि विकावं असं त्यालाही वाटलं होतं. पण ऑब्रीने 'विकतोय' म्हटल्याबरोबर त्याच्या मनात वेगळंच काहीतरी उभं राहिलं. ऑब्री बाहेर पडतोय. म्हणजे पुढे तांबं निघेल तेव्हा ते फक्त आपलं. एकदा तरी कुंपणापलीकडून हा माणूस आपल्या अंगणाकडे बघेल. त्या दुपारी त्याने दलालाला फोन केला आणि विकायच्या ऐवजी आणखी घेतले. न्हाणीघर नीट करायला बाजूला ठेवलेले सगळे पैसे त्यात घातले. डलसीच्या कमरेमुळे तिला टबात पाय टाकणं जड जायचं, म्हणून ते काम काढलं होतं. तिला त्याने सांगितलं, कंत्राटदाराला वेळ नाही.

तीन आठवड्यांनी शेअर बाजाराने वंडूराचे व्यवहार थांबवले. त्यानंतर विकायचं म्हटलं तरी विकता येत नव्हतं.

क्लबात कोणीतरी विचारलं, "ऑब्री कसा रे वेळेवर सुटला?" गार्नेट एवढंच म्हणाला होता, "त्याला कोणीतरी सांगितलं असणार." पुढच्या खेपेला त्या 'कोणीतरी'चा कंपनीतला माणूस झाला. तिसऱ्या खेपेला फोन कुठल्या वारी आला, हेही त्यात आलं. मग ग्वेन्डा मॅक्रॉसनचं पत्र आलं. पर्थची ही निवृत्त शाळामास्तरीण नाडलेल्या भागधारकांची संघटना चालवायची. शेवटच्या महिन्यात आतल्या खबरीवर कोणी शेअर विकले त्यांची नावं ती बाजाराच्या नियामकाकडे देणार होती. सहीनिशी जबाब हवा होता.

सभेच्या सभागृहात दोनशे माणसं होती. टॅक्सीवाले, नर्सा, निवृत्त सुतार, मेंढपाळांच्या बायका. व्यासपीठावर अध्यक्ष तोच तो खुलासा करत होता: लवादापुढे दावा चालू आहे, कंपनीची बाजू भक्कम आहे, धीर धरावा.

"धीर कुठवर धरायचा?" मागून एक म्हातारी म्हणाली. "मी एक्याऐंशी वर्षांची आहे."

"त्या मंत्र्याला काय हवं होतं ते देऊन का नाही टाकलं?" एक जाडजूड माणूस उठला. "सगळे देतात. तुम्ही साधू बनलात आणि आम्ही बुडालो."

यावर टाळ्या पडल्या. बऱ्याच पडल्या. गार्नेटचेही हात वर आले होते. तेवढ्यात अध्यक्षाने बाजूला बसलेल्या एका माणसाला उठवलं, तेव्हा ते त्याने मांडीवर ठेवले.

तो माणूस चाळिशीचा, काळा, सडपातळ होता. कोट त्याचा नव्हता. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. लवादापुढे साक्ष द्यायला त्याला आणलं होतं. नाव ऑनेसिम काबेया. कंपनीच्या आफ्रिकेतल्या छावणीत तो खडकांच्या कांड्यांची नोंदवही ठेवायचा. जमिनीत भोक पाडून काढलेली प्रत्येक कांडी धुवायची, पेटीत लावायची, खोली लिहायची. तो फ्रेंचमध्ये बोलत होता आणि शेजारी उभी असलेली दुभाषी मुलगी सांगत होती. गार्नेट नकळत पुढे सरकून बसला. हा माणूस आपल्याच धंद्यातला होता. त्याने काढलेल्या कांड्या शेवटी आपल्यासारख्याच कोणीतरी भरडल्या असणार.

"खाण खात्याची दोन माणसं आली," काबेया सांगत होता. "चांगली वागली. येताना थंड पेयं घेऊन आली. त्यांनी एक कागद टाइप करूनच आणला होता. उत्तर भागात कंपनीने एकही भोक पाडलं नाही, म्हणून तिथला परवाना रद्द व्हावा, असं त्यात होतं. खाली माझं नाव. मला फक्त सही करायची होती."

तो पुढे म्हणाला, "उत्तर भागात दोनशे चौदा भोकं होती. मी स्वतः लिहिलेली. मी म्हटलं, भोकं आहेत, मग नाहीत असं कसं लिहू? ते म्हणाले, तू कुठे लिहितोयस, आम्ही लिहिलंय. तू नुसती सही कर."

मग तो म्हणाला, "सही केली नाही मी. पुढच्या आठवड्यात माझी नोकरी गेली. माझा भाऊ प्लासीद कंपनीची गाडी चालवायचा. त्याला डिझेल चोरल्याच्या आरोपावरून आत टाकलं. चार महिन्यांनी सोडलं. आता त्याला एका कानाने ऐकू येत नाही."

काबेयाने दुभाषी मुलीकडे वळून काहीतरी विचारलं. ध्वनिक्षेपक चालू होता. ती जरा थांबली, मग लोकांना म्हणाली, "ते विचारताहेत, मघाशी टाळ्या कशासाठी होत्या."

जाडजूड माणूस वाकून बुटाची नाडी बांधू लागला. मुलीने हळूच काबेयाला दोन शब्दांत काहीतरी सांगितलं. काय सांगितलं देव जाणे. त्याने सभ्यपणे मान हलवली आणि बसला.

गार्नेटला छातीत काहीतरी टोचलं. ते टोचणं तो ओळखत होता. त्याच्याबरोबर तो आयुष्यभर राहिला होता. ऑब्रीची मोटार पाहिली की हेच व्हायचं, लिंबं पाहिली की हेच. दुसऱ्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही. पण या माणसाकडे होतं तरी काय? मागून आणलेला कोट, गेलेली नोकरी, बहिरा भाऊ. तरीही गार्नेटला त्याचा हेवा वाटत होता, इतका की त्याला त्याच्याकडे बघवेना. याच्यापुढे कागद ठेवला होता आणि याने सही केली नव्हती. आपण तर केली होती, आणि आपल्याला थंड पेयही कोणी पाजलं नव्हतं.

चहाच्या टेबलाशी ग्वेन्डा मॅक्रॉसनने त्याला गाठलं. तिच्या हातात यादी होती.

"मिस्टर हॉस्किंग ना? कॅलगुर्लीचे? कागद आणलात?"

"आणलाय. पण देता येणार नाही."

"साक्षीदाराची सही राहिली असेल तर काही हरकत नाही, इथे—"

"खोटा आहे तो," गार्नेट म्हणाला.

ग्वेन्डाने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. वर्गात अशी नजर तिने बऱ्याच पोरांवर वापरली असणार. "मग त्या पेंगेलींना सांगितलं कोणी?"

"वर्तमानपत्राने. मीही तेच वाचलं होतं. त्याच्या आधी दोन तास."

तिने यादीतल्या एका नावावर रेघ मारली, "ठीक," म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे गेली. त्याला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

घरी पोचल्यावर त्याने डलसीला आधी न्हाणीघराच्या पैशांचं सांगितलं. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"म्हणजे दोन वर्षं मी त्या टबाचा काठ ओलांडतेय," ती म्हणाली.

"हो."

"आणि कंत्राटदार रस्त्यात भेटला की मी तोंड फिरवत होते. बिचारा." ती आत गेली. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याशी जेवणापुरतीच बोलली.

ऑब्री अंगणात कॅरव्हॅनचं चाक तपासत होता. गार्नेट या खेपेला कुंपणाशी थांबला नाही. रस्त्यावरून वळसा घालून फाटकातून आत गेला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. क्लबातलं, पत्राचं, कागदाचं. ऑब्री पाना हातात धरून ऐकत होता.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "कागदाचं नव्हतं माहीत. बाकीचं गेल्या हंगामापासून माहीत आहे. क्लबाच्या लॉन बोल्सच्या संघातून काढलं मला. कारण कोणी सांगत नव्हतं, पण गाव केवढं आहे."

"मग मला येऊन बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तुझे पैसे अडकलेले. माझे नव्हते." तो चाकाकडे बघत होता. "मला वाटायचं, याला तेवढं म्हणून घेऊ दे. मग तेवढ्यावर थांबेना."

"मी त्या दिवशी आणखी घेतले होते, ऑब्री. तू विकलेस म्हणून."

ऑब्रीने मान वर केली. हे मात्र त्याला माहीत नव्हतं. आपल्या शेजारी इतकी वर्षं कोण राहत होतं, ते तो आता नीट बघत असावा.

"माझ्यामुळे?" तो म्हणाला. मग, "क्लबात तू सांग. मी नाही सांगणार."

शनिवारी जेवणाच्या वेळी क्लबात तीसेक माणसं होती. गार्नेट उभा राहिला. बोलायची त्याला सवय नव्हती आणि कानातल्या शिट्टीमुळे आपला आवाज केवढा लागतोय ते त्याला कळायचं नाही. तो जरा मोठ्यानेच बोलला. ऑब्रीला कोणी काही सांगितलं नव्हतं. ते मी रचलं. हेव्याने रचलं. एवढं सांगून तो थांबला, कारण पुढे काही नव्हतं. एकाने ग्लास खाली ठेवला. कोपऱ्यातला कोणीतरी म्हणाला, "शाबास, हॉस्किंग," आणि ते कौतुक नव्हतं. मग वाढणाऱ्या बाईने विचारलं, भाजलेल्या मांसावर रस हवा का, आणि तो हो म्हणाला.

जेवणानंतर तो फळ्याशी गेला. दुपारच्या सामन्याच्या संघात चौथं नाव त्याचं होतं. ते त्याने तळव्याने पुसलं आणि तिथे 'पेंगेली' लिहिलं. कोणी हरकत घेतली नाही.

निरोप गेला तसा ऑब्री तीन वाजता आला. त्याने पांढरी टोपी घातली, जड काळा गोळा फडक्याने पुसला आणि वाकून हिरवळीवर सोडला. गोळा रुंद वळण घेत गेला, दोन गोळ्यांमधून सरकला आणि ज्याच्याजवळ पोचलं की गुण मिळतो त्या छोट्या पांढऱ्या चेंडूला अलगद टेकून थांबला. समोरच्या संघातल्यांनीसुद्धा वाहवा म्हटलं.

बाकावर बसलेल्या गार्नेटच्या छातीत जुनं टोचणं उठलंच. तो जरा सरकून बसला. मग त्याने खडू घेतला आणि ऑब्रीच्या नावापुढे गुण मांडला.