भाची सून

“म्हणजे माझ्याकडून नाही?” दिपालीनं पुन्हा विचारलं.

“एकट्या तुमच्याकडून नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पेशींना ताकद मायटोकाँड्रियातून मिळते. तो आईकडूनच येतो, हे खरं. पण तिथलं काम आरएनएच्या निरोपांवर चालतं, आणि ते निरोप विरून जाऊ नयेत म्हणून एक प्रथिन त्यांना धरून ठेवतं. आरोहीच्या अंगात तेच नीट बनत नाही. ते बनवणारं जनुक आई-वडील दोघांकडून येतं. दोन्हीकडचं बिघडलेलं असलं, तरच मूल आजारी पडतं. लग्न नात्यात झालंय का?”

निकेत खाली बघत म्हणाला, “मामाची मुलगी.”

“मग दोष बहुतेक एकाच घरातून दोघांत उतरलाय. औषध मात्र आज तरी नाही.”

आरोही चार वर्षांची. तापाचं निमित्त झालं आणि धावती पोर बसली; आता मानही धरत नव्हती. ‘असले आजार आईकडून येतात,’ असं पहिला डॉक्टर बोलून गेला, तेव्हापासून येसूबाईंनी सुनेला हळदीकुंकवालाही पुढं येऊ दिलं नव्हतं. येसूबाई म्हणजे दिपालीच्या बापाची सख्खी बहीण. हट्टानं भाची सून करून आणली होती.

घरी परतताना न्हावा शेवा बंदराजवळ कंटेनरच्या रांगेत गाडी अडकली. निकेत म्हणाला, “आयेला यातलं काय सांगू नको. तिला सोसायचं न्हाय.”

“मी सोसलंच ना?”

तो हॉर्न वाजवत राहिला.

येसूबाई ओटीवरच बसल्या होत्या. “काय म्हनला डाक्टर?”

“तेच,” निकेत चपला काढत म्हणाला. “आयकडनंच येतं.”

दिपाली आरोहीला खांद्यावर घेऊन उंबऱ्यातच थांबली. लग्नापासून ती सासूला ‘आई’ म्हणत आली होती. आज म्हणाली, “आत्या, खोटं बोलतोय तो. दोघांकडनं आलंय. माझ्यात बाबांकडनं, त्याच्यात तुमच्याकडनं. आपलं रगत एकच हाय.”

येसूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी नातीच्या पायांवरून हात फिरवला. आता आत्या काहीतरी बोलतील, असं दिपालीला वाटलं. त्या उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कृष्णाबाई विचारपूस करायला आल्या.

“काय सांगू बाय,” ओटीवरून येसूबाईंचा आवाज आला. “सुनंच्या आयेकडनं आलंय. मी भावाला त्याच्या लग्नातच म्हनलं व्हतं, तसल्या घरातली पोरगी करू नको.”

आत निकेत जेवत होता. त्याला ते ऐकू गेलं. त्यानं आमटी मागितली.

दिपालीनं वाढली. मग आरोहीला अलगद दुसऱ्या कुशीवर वळवलं, गालावर ओघळलेली लाळ पुसली, आणि तिच्या पाठीला हात लावून बसून राहिली.