ओरसाची गाडी आणि भंतेजींचं जेवण

"बॅटरीच्या गाडीनं गावाला, यासोथोनला? अगं, पोचेपर्यंत पुढच्या सोंगक्रानचं नवं वर्ष उजाडेल!" बँकॉक सोडल्यापासून बुनसोंगनं हाच धोशा लावला होता. उभा जन्म ट्रक हाकलेला माणूस. लेकीच्या शेजारी मुकाट बसला हेच उपकार म्हणायचे. लेकीची गाडी दोरीनं ओढूनच आणावी लागणार, अशी दवंडीही त्यानं फोनवरून गावभर पिटली होती. ओरसाला मात्र एकच ध्यास होता: स्वतःच्या कमाईची ही गाडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या चाकांवर अंगणात उभी करायची.

वाटेतल्या सुरिनच्या चार्जिंग पंपावर सणाची ही भलीमोठी रांग! ताटकळून ताटकळून एकदाचा तिचा नंबर लागला. बॅटरी जेमतेम निम्मी भरतेय, तोच बुनसोंगला मागच्या गाडीत एक म्हातारे भंतेजी दिसले. रांगेत कानावर आलं, त्यांना जेवायला बोलावलेलं घर अजून पुढे होतं; बारा वाजत आले होते, आणि दुपारी बारानंतर भंतेजी अन्नाचा कण तोंडात घालत नाहीत.

बुनसोंग ताडकन उतरला आणि हात जोडून म्हणाला, "या भंते, आमचं झालंच!"

ओरसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भंतेजींसमोर बापाला खोटं पाडायचं? छे! तिनं हसत वायर काढली, गाडी रस्त्यावर घेतली आणि मगच तोंड उघडलं.

"पुण्य तुमचं आणि फजिती माझी. होय ना बाबा?"

"मग आता गं?" बुनसोंगचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"आता एसी बंद. आणि तोंडही."

एप्रिलचं ऊन नुसतं भाजत होतं. बुनसोंग घामानं निथळला, पण चकार शब्द काढला नाही. पुढची वळणं, पुढचे सिग्नल ओरसा लांबूनच हेरायची आणि अलगद वेग सोडायची, म्हणजे थोडी वीज बॅटरीत परत यायची. म्हातारा आधी चोरून बॅटरीचा आकडा बघत होता. मग लेकीचे पेडलवरचे पायच बघत बसला.

गाडी अंगणात शिरली तेव्हा बॅटरीत तीन टक्के उरले होते.

"काय रे बुनसोंग, ढकलत आणलीस काय?" शेजारचा थोंगदी खिदळला.

"ढकलत?" बुनसोंग ओलाचिंब खाली उतरला. "अर्धी वीज भंतेजींसाठी सोडून आलीय माझी पोर! मी नसती सोडली. डिझेल कमी असलं की मला फक्त माझी टाकी दिसायची. नीट बघून घे तिला. ड्रायव्हर आहे ती, ड्रायव्हर!"

धादांत खोटं! नंबर सोडला होता त्यानंच. पण ड्रायव्हर हा शब्द त्यानं आजवर स्वतःखेरीज कुणालाच दिला नव्हता. ओरसाचा ऊर असा भरून आला, की गाडीतून उतरायचंही तिला सुचेना.