ड्रॅगनच्या पोटातली खिडकी

मित्रांनो, ती चिकटपट्टी जरा बाजूला ठेवा. मी एक जुना पडदा आहे. दाराखिडक्यांना लावतात तसला झुळझुळीत नव्हे. चांगला जाड पुठ्ठ्याचा, तीन भागांचा, टेबलावर ताठ उभा राहणारा. माझ्या मधल्या भागावर तांबडा ड्रॅगन रंगवलेला आहे आणि त्याच्या पोटात तळहाताएवढे भोक आहे. सकाळपासून तुम्ही ते बुजवायच्या मागे लागला आहात. एक जण म्हणतो, पडदा फाटला आहे. तुमच्यातला सूत्रधार म्हणतो, आत फाशावर काय पडले ते सगळ्यांना दिसले तर खेळात मजा काय? दोघांचेही बरोबर वाटते खरे. पण आधी माझी हकीकत ऐका आणि मग काय ते ठरवा.

माझा जन्म पुस्तके बांधणाऱ्या एका बाइंडरच्या दुकानात झाला. तिथे खळीचा आंबूस वास कायम भरून असे. बाइंडर अबोल माणूस होता. त्याच्याकडून दोन वाक्ये काढायची म्हणजे दगडातून पाणी काढण्यासारखे, पण सुरी हातात आली की रेघ अशी सरळ कापायचा की पट्टीने लाजावे. उरलेल्या पुठ्ठ्यातून त्याने माझे तीन तुकडे कापले, कापडाच्या पट्टीने जोडले आणि सुकेपर्यंत वजनाखाली दाबून ठेवले. तेव्हापासून माझा कणा सरळ आहे. आतल्या बाजूला त्याने खेळाचे नियम बारीक अक्षरात लिहून चिकटवले.

बाहेरची बाजू रंगवली त्याच्या धाकट्या बहिणीने. ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. औषधांच्या दुकानाची एक पाटी करून डब्यात तांबडा रंग उरला होता, त्यात हा ड्रॅगन झाला. पाटीचा रंग तो, उन्हापावसाला पुरून उरणारा, म्हणून तर ड्रॅगनचा तोरा अजून उतरलेला नाही. ड्रॅगन बघून बाइंडर म्हणाला होता, "जरा जास्तच खाल्लेला दिसतोय." त्यावर ती म्हणाली, "राजे खातो दादा, पोट सुटणारच."

तर रविवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत खेळ मांडला जाई. बाइंडर सूत्रधार, म्हणजे गोष्ट सांगणारा; बाकीचे त्या गोष्टीतले एकेक पात्र होऊन फाशांवर खेळायचे. माझ्याआड बसून तो डोंगराच्या पोटातले एक राज्य सांगायचा, जिथे सूर्य कधी पोचलेलाच नाही. तिथे राखेतून उठणारे लांडगे होते. दगडाची नदी होती, ती इतकी हळू वाहते की माणूस आपण बुडतो आहोत हे विसरून जातो. आणि कुजबुज्या नावाचा एक प्राणी होता. त्याला शरीर नाही. तो तुमच्या आवडत्या माणसाच्या आवाजात बोलतो आणि फक्त तुम्हाला हवे तेच सांगतो. सगळ्यांत जास्त माणसे त्यानेच मारली होती.

खेळणारे तिघे. शहर बसचे एक ड्रायव्हर, ते जादूगार व्हायचे. शाळेतल्या एक बाई, त्या आठवडाभर मुलांना प्रामाणिकपणा शिकवायच्या आणि रविवारी चोर व्हायच्या. आणि बहीण. तिच्या पात्राचे नाव कंदिली. कंदिली बुटक्यांच्या कुळातली, हातात कंदील घेऊन सगळ्यांच्या पुढे चालणारी. काळोखात पहिले पाऊल नेहमी तिचे.

त्या टेबलाचे तीन नियम होते, ते नीट ध्यानात घ्या. पहिला, पडद्याआड काय पडले ते विचारायचे नाही. सूत्रधार सांगेल ते खरे. दुसरा, पात्राचे प्राण, म्हणजे त्याचे खेळातले गुण, संपले की सूत्रधाराने वीस बाजूंचा मरणफासा टाकायचा. दहाच्या वर पडले तर पात्र जगले, नाहीतर गेले. फेक एकच. तिसरा नियम बाहुल्यांचा. प्रत्येक पात्राची एक मातीची बाहुली असे. पात्र मेले की त्याची बाहुली भिंतीवरच्या फळीवर ठेवायची, तोंड भिंतीकडे करून.

ड्रायव्हरांचा पहिला जादूगार राखेच्या लांडग्यांशी घासाघीस करायला गेला आणि मेला. फासा सहावर थांबला, बाइंडर म्हणाला "गेला", आणि एवढा मोठा माणूस रुसून बसला. पुढच्या रविवारी ते मेलेल्या जादूगाराचा भाऊ घेऊन आले. झगा तोच, टोपी तीच, फक्त दाढी काढलेली. सगळे पोट धरून हसले. पण फळीकडे बघून त्या दिवशी ड्रायव्हर फार जपून खेळले. ते माझे खरे वैभवाचे दिवस होते. माझ्याआड काय चालले आहे या विचाराने तिघांचे श्वास अडकायचे आणि माझी छाती फुगायची.

मग बहीण आजारी पडली. शिडीवर चढून पाट्या रंगवणारी पोरगी, पण दुकानाची पायरी चढताना बसून घ्यायला लागली. अंगावर उगाच निळे डाग उठायला लागले. तपासण्या झाल्या. एका दुपारी आई आणि बाइंडर दवाखान्यातून परत आले आणि मागच्या खोलीत दार लोटून उभे राहिले. मी टेबलावर घडी करून पडलो होतो. आई म्हणाली, "वर्ष सरायच्या आत, म्हणाले ना रे ते? मला नीट ऐकू नाही आलं." तिला ऐकू आले होते. बाइंडरने मान हलवली. आई पदराने तोंड पुसून म्हणाली, "तिला कळता कामा नये. हसत-खेळत राहू दे."

तेव्हापासून घरात सगळे हसू लागले. पाहवत नव्हते ते हसणे.

पुढच्याच रविवारी कंदिली दगडाच्या नदीत सापडली. प्राण संपले. बाइंडरने मरणफासा टाकला. माझ्या पायाशी तो फासा तीनवर येऊन थांबला. बाइंडर त्या तीनकडे बघत राहिला. मग वर बघून म्हणाला, "चौदा. वाचली."

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा. मला वाचा नाही. फाशावरचा आकडा आणि तोंडातला आकडा यांच्यामध्ये मी एकटा उभा होतो.

एकदा सवय लागली की लागली. बाईंच्या चोराला सात पडले, बाइंडर सोळा म्हणाला. ड्रायव्हरांना दोन पडले, तो अठरा म्हणाला. त्या टेबलावर मरण हा शब्दच त्याला नकोसा झाला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे त्याला वाटत असेल. पण मरण नाही म्हटल्यावर भीती नाही, आणि भीती नाही म्हटल्यावर खेळ मिळमिळीत झाला. ड्रायव्हरांचा जादूगार वाटेल तिथून उड्या मारू लागला. लांडग्यांना कोणी विचारेना. बहीण मात्र हल्ली फासे टाकून झाले की फळीकडे बघत बसायची.

एका रविवारी कुजबुज्याने कंदिलीला गाठले. ती पुलावर होती, प्राण संपले होते. बाइंडरने फासा उचलला, तेवढ्यात ती म्हणाली, "दादा, थांब. फळी बघितलीस?"

"काय झालं फळीला?"

"मी आजारी पडल्यापासून तिथं एकही बाहुली गेली नाही. ड्रायव्हरकाका दोनदा कड्यावरून पडले, तरी जिवंत."

ड्रायव्हर घाईघाईने म्हणाले, "माझं नशीबच जोरावर आहे हल्ली."

"एवढं नशीब असतं काका, तर तुमची बस एकदा तरी वेळेवर आली असती."

बाई हसल्या आणि मध्येच थांबल्या. बाइंडर फासा मुठीत धरून बसला होता. कोंबडे झाकून ठेवले तरी तांबडे फुटायचे राहत नाही, हे त्याला त्या क्षणी कळले असावे. बहिणीचा आवाज चढला नाही, पण तिला राग आला होता, खूप राग आला होता.

"आई हसते आणि आत जाऊन रडते. डॉक्टर मला तपासतात आणि बोलतात तुझ्याशी. हे एकच टेबल होतं दादा, जिथं पडलं ते पडलं असं मला वाटायचं. आणि तू इथंही कुजबुज्या झालास."

तिने मला पुढे ओढून घेतले आणि ड्रॅगनच्या पोटावर बोट ठेवले. "इथं खिडकी पाड. नकाशे लपव, राक्षस लपव, माझी ना नाही. पण मरणफासा ह्या खिडकीसमोर पडेल."

"पडदा खराब होईल गं."

"मी रंगवलाय ना? मग मी सांगते. पोटातच पाड. काय गिळलंय त्यानं ते दिसू दे."

बाइंडरने सुरी आणली. तीन कडा त्याने नेहमीसारख्या सरळ कापल्या. चौथ्या कडेला त्याने मान वर करून बहिणीकडे बघितले, मित्रांनो, आणि सुरी वाकडी गेली. म्हणून माझे भोक तुम्हाला फाटल्यासारखे दिसते. ते फाटलेले नाही. ते कापलेले आहे. मला दुखले का म्हणाल, तर हो, दुखले.

मग त्याने फासा टाकला. तो माझ्या खिडकीसमोर घरंगळत आला आणि थांबला. सगळ्यांना आकडा दिसत होता, तरी सगळे बाइंडरकडे बघू लागले.

"सूत्रधारानं सांगायचं असतं," ती म्हणाली.

"चार," बाइंडर म्हणाला. "कंदिली गेली."

कितीतरी महिन्यांत माझ्यामागून आलेला तो पहिला खरा आकडा. ड्रायव्हर तिला आधार द्यायला उठले, तर तिने त्यांना हातानेच बसवले. खुर्च्या धरत धरत ती फळीपर्यंत गेली आणि कंदिलीला तिने जादूगाराच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून ठेवले. मग परत येऊन बसली आणि भावाकडे बघून म्हणाली, "आता माझं सांग. काय पडलंय?"

त्याने सांगितले. डॉक्टर म्हणाले तेवढेच. एक शब्द कमी नाही की जास्त नाही. सांगताना तो खाली बघत होता, पण शेवटी त्याने वर बघितले. आई केव्हाची दारात येऊन उभी होती. ती आत वळणार तोच बहीण म्हणाली, "आई, रडायचं तर इथं रड. आत जाऊन नको." आई येऊन तिच्या शेजारी बसली आणि मोठ्याने रडली. बाई रडल्या. ड्रायव्हर नाक ओढत राहिले. मी तर काय, उभाच होतो, पोटाला भोक पडलेला.

सत्य कळल्याने ती बरी झाली नाही. तसले काही मी तुम्हाला सांगणार नाही. ती उन्हाळ्यातल्या विहिरीसारखी भराभर आटत गेली. पण त्या घरात उगाच कोणी हसेना. लांबच्या मोठ्या दवाखान्यात जायचे नाही, घरीच राहायचे, हे तिने स्वतः ठरवले. अर्धी राहिलेली एक पाटी तिने बसून पुरी केली. रात्री ती आईच्या कुशीत झोपायची आणि भीती वाटली की भीती वाटते असे म्हणायची. आणि एका रविवारी तिने नवी बाहुली केली, कंदिलीची लेक. हातात तोच कंदील. जमेल तेव्हा ती उशांना टेकून खेळायला बसे. ड्रायव्हरांचा दुसरा जादूगार तेव्हाच मेला, खिडकीसमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "पुढच्या रविवारी मेव्हणा आणा काका," ती म्हणाली.

मेव्हणा यायच्या आत ती गेली.

बऱ्याच रविवारांनी उरलेले तिघे पुन्हा त्या खोलीत जमले. खेळायला नव्हे, नुसतेच. टेबलावर कंदिलीची लेक उभी होती. ड्रायव्हरांनी ती उचलली आणि विचारले, "हिला कुठं ठेवायची?"

बाई फळीकडे बघू लागल्या. बाइंडर उठून ड्रायव्हरांजवळ गेला. मग म्हणाला, "पात्र खेळात मेलं तर भिंतीकडे. हिचा फासा पडलेला नाही." त्याने बाहुली घेतली आणि फळीवर ठेवली, तोंड खोलीकडे करून. बाकीच्या सगळ्या पाठमोऱ्या, ती एकटी समोर बघणारी.

मला मात्र त्याने घडी करून कपाटावर टाकले. तिथे मी किती वर्षे पडून होतो कोण जाणे. ओल लागली, कसरीने कोपरे खाल्ले, नियमांचे कागद सुटून आले. राग आला नाही असे नाही. पण माझ्याकडे बघताना त्याला काय आठवत असेल ते मला ठाऊक होते. पुढे त्याच्या नजरेने दगा दिला, दुकान बंद झाले, आणि त्याने मला त्या बाहुलीसकट ड्रायव्हरांच्या हवाली केले. तेच तुमच्यातल्या एकीचे आजोबा. म्हणून आज मी तुमच्या टेबलावर आहे.

मित्रांनो, माझे कोपरे चिकटवा, पट्टी नवी लावा, ओलीपासून मला जपा. माझ्याआड खुशाल नकाशे लपवा, लांडगे लपवा. पण ही खिडकी बुजवू नका. कधीतरी तुमच्यातल्या सगळ्यांत लहान मुलीच्या पात्राला तीन पडतील, ती रडेल, आणि तुमच्या सूत्रधाराच्या ओठांवर चौदा येईल. त्याने तीनच म्हणावे. आणि मग तिच्याजवळ जाऊन बसावे, कारण ते जास्त अवघड असते.

आणि माझ्याबरोबर आलेली ती बाहुली पेटीत नुसती ठेवू नका. तिच्या हातात कंदील आहे, तिला पुढे चालायची सवय आहे. तिला खेळात घ्या. मेली तर मेली. फासा तेवढा खिडकीसमोर टाका.