काचेच्या छपराखाली

सगळे त्याला सुई म्हणत. बचावफळीत धाग्याएवढी फट दिसली की हा पलीकडे. फॉरवर्ड असूनही तो फार पळायचा नाही. चेंडू जिथं पडणार तिथं आधीच जाऊन उभा राहायचा, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. लोकांच्या लक्षात राहिला तो त्याचा धुक्यातला गोल. कोपऱ्यातून चेंडू उंच आला आणि दिसेनासा झाला. सुईने नुसत्या अंदाजाने उडी मारली. कपाळाला काहीतरी गार, ओलं लागलं आणि मग अख्खं मैदान गप्प. जाळं हललेलं पहिल्यांदा दिसलं ते गोलकीपरला. मग आरोळी उठली, तीही लांबून, पलीकडच्या गावातून आल्यासारखी.

पुढे काही वर्षांनी त्याच गोलपोस्टसमोर त्याचा गुडघा गेला. कुणी धक्काही दिला नव्हता. वळताना ओली काटकी मोडल्यासारखा आवाज आला, बस्स. नंतर तो राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसू लागला. कोच समोर येरझाऱ्या घालायचा आणि हा त्याची नजर आपल्याकडे कधी वळते ते बघत राहायचा. एका हंगामात ती वळलीच नाही. सुईने बूट काढून ठेवले.

क्लब नव्या मैदानावर गेला. जुन्या मैदानावर काचेच्या छपराचा पोहण्याचा तलाव झाला. त्या रस्त्याने जाणंच सुईने सोडलं. पण साठी जवळ आली तसा गुडघा जिना चढू देईना, आणि डॉक्टरांनी नेमका तोच तलाव सुचवला.

"तिथं मी पाय ठेवणार नाही," तो बायकोला म्हणाला.

"नका ठेवू. पाण्यात पाय टेकावेच लागत नाहीत."

बायकोपुढे त्याची मात्रा चालली नाही.

तलावावर शिकवणारी बाई त्याच्या मुलीच्या वयाची. तिने त्याच्या कमरेला फोमचा पट्टा बांधला आणि म्हणाली, "काका, भिंत सोडा." काका कसले सोडतायत! आठवडाभर ते भिंतीला पालीसारखे चिकटून. पाण्याचा वास नाकात जायचा, उडी मारणाऱ्या पोरांचा गलका छपराला आपटून खाली यायचा आणि त्यात त्याला मधूनच प्रेक्षक ऐकू यायचे.

एका सकाळी काचेतून त्याला कारखान्याचं धुराडं दिसलं. खेळताना लांबच्या गोलपोस्टच्या बरोब्बर मागे दिसायचं ते. म्हणजे गोलपोस्ट तिथं, जिथं आता पाणी सर्वांत खोल आणि निळं आहे तिथं. त्याने भिंत कधी सोडली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. पाण्यात पाय चालू लागले. गुडघा दुखेना. खाली फरशीवर उजेडाच्या रेषा थरथरत होत्या आणि त्यांच्यावरून तो सावकाश पळत होता.

"काका, कुणाच्या मागे लागलाय?" शिकवणारी काठावरून ओरडली.

"कुणाच्या नाही. पुढे जागा रिकामी आहे!"

खोल भागात पोचल्यावर तो थांबला. इथंच कुठंतरी गुडघा मोडला होता. त्याला वाटलं होतं, छातीत काहीतरी कळवळेल. पण पाणी त्याला हलकेच झुलवत होतं आणि त्याला चक्क झोप येत होती.

मग तो रोज जाऊ लागला. एकदा बायकोही सोबत आली, निळी टोपी घालून. तिच्यासाठी पट्टा आणायला तो वळला, तोवर तिने सूर मारला होता. पाणी फारसं उडालंही नाही. ती लांब, सरळ हात टाकत पलीकडच्या काठाला जाऊन आली आणि केस टोपीत सारत हसली.

"तुला पोहता येतं?"

"लग्नाच्या आधीपासून. दर रविवारी नदीवर जायचे मी. लग्नानंतरही."

"मला कसं माहीत नाही?"

"रविवारी तुमचा सामना असायचा."

ती उताणी होऊन पाण्यावर पडली, डोळे मिटून. सुई तिच्या शेजारी जाऊन तसंच पडायचा प्रयत्न करू लागला. पाय बुडत होते. तिने न बघताच एक हात त्याच्या पाठीखाली सरकवला.