साखळीवाल्याची साक्ष

कोनसरे गावात जमिनीतलं जेवढं गोटीरामबाबाला कळतं तेवढं तलाठ्यालाही कळत नाही, असं लोक म्हणत. आणि तलाठी समोर बसलेला असला तरी म्हणत. तुर्भ्याच्या खालच्या अंगाला, खाडीच्या कडेला हे गाव. शंभरेक घरं, पुढे भाताची खाचरं, खाचरांपुढे खाडीचं पाणी थोपवणारा खारबांध आणि बांधापलीकडे चिखलात वाढणाऱ्या तिवरांचं रान. गोटीरामबाबा सत्तरीला टेकला होता. अक्षर एक येत नव्हतं, पण हद्दीचा दगड कुठे मातीखाली गेलाय, कुणाचा बांध कुणाच्या शेतात किती सरकलाय, हे तो चालता चालता सांगे. इंग्रजांच्या अमदानीत, ऐन विशीत, त्याने सरकारी मोजणीत साखळी ओढली होती. तेहेतीस फुटांची लोखंडी साखळी. तिचं वजन अजून खांद्याला आठवतं, असं तो म्हणायचा.

१९७४ सालचा मार्गशीर्ष होता. भात झोडून झालं होतं. मुंबईला जागा पुरेना म्हणून खाडीच्या या बाजूला नवं शहर उभं करायचं ठरलं होतं आणि गावोगाव मोजणीची माणसं हिंडत होती. शेतं जाणार हे लोकांना कळून चुकलं होतं. त्यावरून बैठका, अर्ज, बोलाचाली रोजच्याच. गावठाण तेवढं गावाकडे राहायचं होतं, म्हणून गावठाणाची हद्द कुठे पडते याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले.

कोनसऱ्याला मोजणीला आला तो नंदकिशोर, साताऱ्याकडचा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा सर्वेअर. माणूस सरळ, पण नकाशावर दाखवलेला एक दगड त्याला दोन दिवस सापडेना. शेवटी सरपंच बाजीरावांनी त्याला गोटीरामबाबाकडे धाडलं.

बाबाने नकाशा मागितला नाही. विहिरीच्या काठावर उभा राहिला, खाडीकडे तोंड केलं, ओठांत काही मोजत चालत गेला आणि एका बोरीच्या जाळीपाशी थांबला.

"इथं खना."

हातभर खणल्यावर दगड लागला. नंदकिशोर वेड्यासारखा हसायला लागला. "आजोबा, तुम्ही आधी कुठे होतात?"

"मी हितंच व्हतो. तुमी इचारलं नाय," बाबा म्हणाला.

मग दोन दिवस दोघे बरोबरच हिंडले. तिसऱ्या दिवशी नंदकिशोरने नकाशा जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली आणि बोट फिरवत म्हणाला, "ही गावठाणाची रेघ. इथे संपते. हा पुढचा माळ सगळा सरकारी पड. इथून मोठा रस्ता जाणार."

तो देवीचा माळ होता. मधोमध गावदेवीचा शेंदूर लावलेला दगड, त्यावर आंब्याची सावली. शिमग्याची होळी तिथेच लागे, चैत्रात पालखी तिथेच नाचे, भाताची खळी तिथेच पडत.

बाबाने टोपी झटकली आणि घरी निघून गेला.

दुपारी गोजराने ताट वाढलं. बाबाने भाताला नुसतं बोट लावलं. पन्नास वर्षांच्या संसारात गोजराला नवऱ्याचं न जेवणं दोनदाच दिसलं होतं, एकदा त्याची आई गेली तेव्हा आणि एकदा बैल गेला तेव्हा.

"काय जालं? कुनी काय बोललं?"

"कुनी नाय. माजंच हाय."

"मंग सांगा ना तुमचंच."

बाबाने जे कुणालाच कधी सांगितलं नव्हतं ते बायकोला सांगून टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं, ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "मना सांगून काय व्हायचं? ज्याच्या हातात कागूद हाय त्याला सांगा. आनि आदी जेवा."

बाबा जेवला, आणि उन्हं कलायच्या आत माळावर जाऊन नंदकिशोरपुढे बसला.

गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची होती. त्या साली जुन्या मोजणीची फेरतपासणी चालली होती. मोजणीदार होते पनवेलचे कर्णिक म्हणून एक गृहस्थ. डोक्याला पगडी, हातात मोजणीच्या आकृत्यांची टिपणवही. गोटीराम त्यांचा साखळीवाला. गावामागून गाव मोजत ते कोनसऱ्याला पोचले आणि त्याच दिवशी गोरा साहेब दौऱ्यावर येणार अशी वर्दी आली.

साहेबाचा मुक्काम म्हणजे गावाला भुर्दंड. कोंबड्या, अंडी, दूध, सरपण गावाने पुरवायचं. तंबूचं सामान डोक्यावर वाहायचं. होड्या लागल्या तर होड्या द्यायच्या. मोबदला विचारायचा नाही. त्याला वेठ म्हणत. आदल्या वर्षी शेजारच्या गावात शिपायांनी हळद लागलेल्या नवऱ्या मुलाला मांडवातून उठवून तंबूचे खांब वाहायला लावले होते. ती कथा कोनसऱ्यात पोरासोरांना तोंडपाठ होती. त्यामुळे वर्दी आली तशी अख्खं गाव, बाया, म्हातारे, तान्ही पोरं घेऊन खारबांध ओलांडून तिवरांत जाऊन लपलं. गावात राहिली कुत्री, आणि माळावर राहिला गोटीराम, कारण तो सरकारी कामावर होता.

कर्णिकांनी देवीच्या दगडापासूनच माप धरलं होतं. टिपणवहीत त्यांनी देवळाची खूण काढली, इवलीशी, वर झेंडी. साखळीचं टोक धरून उभ्या गोटीरामने ती काढताना बघितली होती. तेवढ्यात साहेब घोड्यावरून आला.

"आनि साहेब वरडला नाय बगा," बाबा नंदकिशोरला म्हणाला. "वरडला असता तं बरं जालं असतं. गार आवाजात इचारलं, ही जागा कोनाची? कोन वापरतो?"

कर्णिक म्हणाले होते, "सांगायला इथे कुणी नाही, साहेब."

"गाव कुठे आहे?"

कर्णिकांनी एकदा गोटीरामकडे बघितलं. हा याच गावचा, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी ते साहेबाला सांगितलं नाही. गोटीरामच्या जिभेवर शब्द आला होता की साहेब, ही आमच्या देवीची जागा. पण तो शब्द बाहेर पडता तर पुढचा सवाल ठरलेला होता: तू इथला, मग तुझे लोक कुठे आहेत? साहेबाबरोबर सहा शिपाई होते. गोटीरामने साखळीकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं.

"जिथे माणूस नाही तिथे पड लिहा," साहेब म्हणाला, आणि घोडा वळवून निघून गेला.

एवढंच झालं. मार नाही, शिवी नाही. पण त्या एका ओळीने माळ सरकारचा झाला. पुढे दर शिमग्याला पाटलाने ठाण्याच्या कचेरीत जाऊन आपल्याच देवीपुढे होळी लावायची परवानगी मागायची. एका साली कारकुनाची लहर फिरली तर होळी दोन दिवस उशिरा लागली. इंग्रज गेले आणि परवानगी मागायचं बंद झालं. लोकांना वाटलं, माळ आपला झाला. कागद मात्र होता तसाच होता.

"मी बोल्लो असतो तं ही पाळी आली नसती," बाबा म्हणाला. "गावाला ठाव नाय. समदे म्हनतात साहेबानं माळ खाल्ला. साहेबानं खाल्ला, पन मी बगत व्हतो."

नंदकिशोरने पेन्सिल खाली ठेवली. शाळेत त्याने इंग्रजी राज्याचा इतिहास वाचला होता. त्यात लढाया होत्या, तह होते, लाटसाहेबांची नावं होती. घोड्यावरून एक वाक्य बोलून पुढे गेलेला साहेब त्यात कुठे नव्हता.

"आजोबा, तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर मला लिहिता येणार नाही," तो म्हणाला. "पण ती खूण. ती टिपणात राहिली असेल का?"

"कर्निकांनी माप तितून धरलं व्हतं. खून पुसली तं मापच खोटं पडंल. त्यांनी पुसली नसनार."

नंदकिशोर दुसऱ्याच दिवशी ठाण्याच्या दप्तरात गेला. एक दिवस गेला, दोन गेले. बाबा सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर जाऊन उभा राही आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कारखान्यांचे ट्रक मोजून परत येई. गोजरा म्हणाली, "आवो, त्याला दप्तर उलगडाया येळ लागंल का नाय? पन्नास वर्सं थांबलात, दोन दिस थांबवंना?"

चौथ्या दिवशी दुपारी जीप आली. नंदकिशोर उतरला तेव्हा केसांत, भुवयांत धूळ होती आणि हातात पातळ कागदावर काढून घेतलेली नक्कल. त्याने ती बाबापुढे धरली. बाबाला वाचता येत नव्हतं, पण टिपण वाचायला अक्षर लागत नाही. विहीर, बांध, आंबा ओळखत त्याचं बोट सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. इवलंसं देऊळ, वर झेंडी.

"हाय," बाबा म्हणाला.

आता माळ गावाच्या वापरातला आहे असा जागेवर पंचनामा करायचा होता. नंदकिशोरने गावाला माळावर बोलावलं. सगळ्यांसमोर बाबाला काय घडलं ते सांगायचं होतं. टिपण सापडलं तरी आपलं गप्प राहणं काही टिपणाने पुसलं जात नव्हतं. कुणी म्हणेल, म्हाताऱ्या, तुझ्यापायी आम्ही कचेरीचे उंबरे झिजवले. तरी तो उभा राहिला, आणि एकही गोष्ट न गाळता सगळं सांगितलं. कर्णिकांनी आपल्याकडे बघितलं तेही सांगितलं.

मग बायांच्या घोळक्यातून बयाबाई काठी टेकत पुढे आली. सरपंच बाजीरावांची आई. गावातली सगळ्यांत जाणती.

"गोटीराम," ती म्हणाली, "त्या दिशी मी तिवरात व्हते. आठ दिसांची बाळंतीन. चिखल मांडीला लागलेला, वरून भरती चढत व्हती. पोर रडाया लागलं तं मी त्याच्या तोंडात पदर कोंबला. तू तोंड उगडलं असतंस तं ते शिपाय तिवरात शिरले असते. मंग ह्याला घेऊन मी कुटं गेले असते रे, खाडीत?"

"ह्याला" म्हणताना तिने काठीने बाजीरावांकडे दाखवलं. पन्नाशीचे, भरघोस मिशांचे सरपंच मान खाली घालून मिशी खाजवायला लागले. मागून कुणी तरी फिसकन हसलं, मग दुसरं हसलं, आणि बघता बघता सगळा माळ हसायला लागला. बाजीरावही हसले. ते उठून बाबाजवळ आले आणि त्यांनी वाकून त्याच्या पायांना हात लावला.

"तू माळ घालवलास म्हनतोस," बयाबाई म्हणाली. "आमी म्हंतो तू गाव राखलास. आता माळ बी आला. लिवा हो साहेब, काय लिवायचं ते."

नंदकिशोरने लिहिलं. खाली सह्या झाल्या, अंगठे उठले. सगळ्यांत पहिला अंगठा बाबाचा होता, आणि शाई वाळेपर्यंत तो अंगठा त्याने कशालाही लावला नाही.

वरच्या साहेबांनी दोन शंका काढल्या. नंदकिशोरने टिपणाची नक्कल जोडून दोन्हींना उत्तरं दिली. माघ सरता सरता नवा नकाशा आला. गावठाणाची रेघ माळाला वळसा घालून गेली होती आणि रस्ता चाळीस पावलं पलीकडे सरकला होता. शेतं काही परत आली नाहीत; त्यांचं भांडण पुढे बरीच वर्षं चाललं, तो विषय निराळा. पण देवीचा माळ गावाचा राहिला, आणि या वेळी कागदावरही राहिला.

त्या सालच्या शिमग्याला नंदकिशोर आला होता. गोजराने त्याला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण वाढलं. साताऱ्याचा माणूस, चिखलातला तो मासा बघून आधी जरा दचकला. मग तीन भाकऱ्या खाल्ल्या.

जाताना तो म्हणाला, "आजोबा, रबाळ्याच्या अंगाला एक दगड दोन आठवडे सापडत नाहीये. उद्या याल का?"

"तितली मोजनी पन मीच केली व्हती," बाबा म्हणाला. "दगड नाल्याच्या कडंला हाय. दरड कोसळली आसंल."

"गुडगं दुकतात म्हनत व्हतात ना सकाळी?" गोजराने आतून विचारलं.

"ते घरात दुकतात."

सकाळी तिने सुकट आणि भाकरी फडक्यात बांधून दिली. जीप आली तेव्हा बाबा दाढी करून, धुतलेली टोपी घालून कधीचा ओट्यावर बसला होता. नंदकिशोरच्या शेजारी बसल्या बसल्या त्याने बोलायला सुरुवात केली: कुठला नाला पूर्वी कुठून वाहायचा, महाप्याच्या पाटलाने रातोरात दगड कसा हलवला होता आणि कर्णिकांनी तो कसा पकडला, साखळीची एक कडी वाकली तर शेत कसं वाढतं. नंदकिशोरला मध्ये हं म्हणायलाही जागा मिळेना. त्याने वही काढली, मांडीवर ठेवली आणि हलत्या जीपमध्ये जमेल तसं लिहून घ्यायला लागला.